बाबांना तीन-चार दिवस मुंबईत जेवायला कुठे नेऊ? गिरणगावातली खाणावळ कुठे उरलीय का?

मीनल_नाशिक

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आईबाबांना घेऊन मुंबईला येतेय, शनिवारी सकाळी पंचवटी एक्सप्रेसने दादरला उतरणार आणि मंगळवारी संध्याकाळी पंचवटीनेच परत. राहायला परळला आतेभावाकडे आहोत त्यामुळे तो प्रश्न नाही, प्रश्न खाण्याचा आहे आणि तो जरा सविस्तर लिहिते म्हणजे तुम्हाला सांगायला सोपं जाईल.

बाबा मूळचे देवगडकडचे. १९७३ ला मुंबईत आले, लालबागच्या एका गिरणीत स्पिनिंग खात्यात लागले. गावच्या मंडळाची बैठकीची खोली होती तिथे वीस-बावीस जण, एक पाळी कामावर गेली की दुसरी झोपायची, आणि जेवायला मागच्या चाळीतल्या एका मावशींची खाणावळ. ८२ चा संप झाला, दीडेक वर्ष वाट बघितली आणि मग सातपूरला कारखान्यात लागले ते नाशिकचेच झाले. आई सिन्नरची, माळकरी घरातली, त्यामुळे आमच्या घरात मासा कधी शिजलाच नाही. बाबांनी त्याबद्दल एका शब्दाने कधी तक्रार केली नाही. पण गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर घरात बसून होते, आणि तेव्हापासून त्या मावशींच्या बांगड्याच्या तिखल्याबद्दल बोलायला लागलेत. तिरफळं (कोकणातलं मसाल्याचं फळ) घातलेलं, लाल, घट्ट. जेवताना प्रत्येक जण तिरफळं ताटाच्या कडेला काढून ठेवायचा आणि ताट उचलायला आल्या की मावशी मोजायच्या, आज तुझ्या ताटात पाचच कशी रे, एखादं गिळलंस की काय.

तर मला विचारायचंय की तशी खाणावळ अजून कुठे आहे का? नसेल तर तिखलं कुठे मिळेल? दुसरं म्हणजे तिसऱ्या पाळीहून सुटल्यावर ते लोक इराण्याकडे चहा आणि मस्का पाव खायचे, तो इराणी आता नाही असं भाऊ म्हणतो. आणि तिसरं, बाबा सांगतात की एकदा मोर्चाहून येताना एका दोस्ताने त्यांना माटुंग्याला नेलं होतं, स्टेशनाला लागूनच जिना चढून वर, केळीच्या पानावर जेवण, आणि आयुष्यात पहिल्यांदा रसम प्यायले. ते कुठलं असेल?

बाबांचं वय ७२, एक गुडघा नवा, दुसरा दुखतो. खालची कवळी नवीन आहे, कडक काही चावत नाही. साखर आहे, गोळ्या चालू. आई मासे खात नाही आणि वासही सहन होत नाही. एसी हॉटेलात बाबा अवघडून बसतात, मेनूकार्ड हातात घेऊन उलट भावच बघत बसतात, म्हणून साधी ठिकाणं सांगा प्लीज.

---

परळ_व्हिलेज

मीनलताई, तुमचं वाचून आमच्या वडिलांचीच गोष्ट कोणीतरी लिहिलीय असं वाटलं. मी जन्मापासून परळला आहे, आमची आजी स्वतः खाणावळ चालवायची, पंधरा-सोळा जण जेवायला असायचे.

खरं सांगतो, तशी खाणावळ आता नाही. म्हणजे पाटी असलेली खाणावळ मिळेल, पण ती जी होती ती घरातच असायची. दहा बाय बाराच्या खोलीत एका कोपऱ्यात स्टो आणि दोन मोठे टोप, बाकीच्या जागेत पंगत. पहिली पाळी सकाळी सातला, दुसरी दुपारी साडेतीनला, तिसरी रात्री बाराला, म्हणजे आजीचा स्टो दिवसातून तीन वेळा पेटायचा आणि ती कधी झोपायची ते आम्हाला कळलंच नाही. पैसे महिन्याच्या महिन्याला, पगार झाला की. आणि पगाराआधी पंधरा दिवस वाण्याकडे उधारी, त्यावर व्याज, ही सगळ्या खाणावळवाल्या बायकांची एकच रड होती. प्रेमा पुरव यांनी १९७५ ला अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते ह्याच बायकांना बँकेचं कर्ज मिळावं आणि वाण्या-सावकाराच्या हातातून सुटावं म्हणून. आमच्या आजीने त्यातून कर्ज घेतलं होतं, सहीच्या जागी अंगठा होता तिचा आणि हप्ता एकदाही चुकला नाही.

मग १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. पहिले दोन-तीन महिने आजीने उधारीवर जेवू घातलं, मग एकेक जण गावी गेला, काही पैसे पाठवून द्यायचे पोस्टाने, काहींचे आले नाहीत आणि आजीने कधी मागितले पण नाहीत. संप संपल्याचं कोणी जाहीर केलंच नाही तशी खाणावळ पण कधी बंद झाली असं सांगता येत नाही, टोप माळ्यावर गेले एवढंच.

आता तुमच्या कामाचं. तिखलं पाहिजे तर दादर पश्चिमेला या, परळहून टॅक्सीने पंधरा मिनिटं. सिंधुदुर्ग आणि चैतन्य ही दोन नावं डोळे झाकून सांगेन, दोन्ही मालवणी. तिखलं रोज असेलच असं नाही. सकाळी अकराला फोन करून विचारा आज बांगडा आलाय का आणि तिखलं केलंय का आणि तिरफळ घालता का, हे तीन प्रश्न, लाजू नका, मालवणी माणूस तिरफळाचं विचारलं की खूश होतो. आणि तिखलं आणि बांगड्याची आमटी ह्यात घोळ होऊ देऊ नका. आमटीत ओलं खोबरं वाटून घालतात आणि ती भाताबरोबर पातळ, तिखल्यात खोबरं नसतं किंवा नावाला असतं, मिरची हळद कोकम आणि तिरफळ, आणि ते अंगाबरोबरच राहतं माशाच्या.

कवळी असेल तर बांगड्याचे काटे सांभाळून काढून द्या. पण बोंबील फ्राय बिनधास्त द्या. ताजा बोंबील आधी मीठ लावून दोन पाटांमध्ये वजनाखाली दाबून त्याचं पाणी काढतात, मग चपटा करून तिखट-कोकम लावून रव्यात घोळवून तव्यावर, बाहेरून कुरकुरीत आणि आत अक्षरशः लोण्यासारखा, मधला काटासुद्धा विरघळतो. थंडीत बोंबील छान असतो. सोलकढी आधी पिऊ देऊ नका, शेवटी द्या.

आणि लालबागला भारतमाता सिनेमाजवळ लाडू सम्राट आहे तिथे आईंना घेऊन जा, कोथिंबीर वडी खाऊ घाला. बाबांना तिथून त्यांची गिरणी कुठे होती ते दाखवता येईल, पण मनाची तयारी करून न्या, ओळखू येणार नाही.

---

कावेरी_माटुंगा

मीनल, बाबांनी सांगितलेलं ते ठिकाण म्हणजे रामा नायक! उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग, माटुंगा मध्य रेल्वे स्टेशनाला लागून मार्केटची बिल्डिंग आहे तिच्या पहिल्या मजल्यावर. १९४२ पासून आहे. अजून केळीच्या पानावरच वाढतात, आणि अजून जिना चढूनच जावं लागतं, म्हणून गुडघ्याचं लक्षात ठेव. सोमवारी बंद असतं.

माझं माहेर तिथून चार मिनिटांवर आणि मला वर परळच्या दादांनी लिहिलेलं वाचून एक सांगावंसं वाटलं. रामा नायक पण खाणावळच आहे. लोक त्याला साउथ इंडियन हॉटेल म्हणतात पण नावातच बोर्डिंग आहे बघ. माटुंगा ही वस्तीच अशी, १८९६ च्या प्लेगनंतर शहर दाटीतून बाहेर काढायचं म्हणून इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याला रस्ते आखून प्लॉट पाडले आणि तिथे दक्षिणेकडून आलेले कारकून, टायपिस्ट, हिशेबनीस येऊन राहिले, त्यातले कितीतरी एकटे, बायको गावाकडे, म्हणून मग सांबार-भात-रसम-ताक देणारी बोर्डिंगं. लालबागला मावशी होत्या, माटुंग्याला नायक होते. काळबादेवीला गुजराती-मारवाडी पेढीवरच्या मुलांसाठी जेवणाचे क्लब होते, जोशी क्लब त्यातला अजून चालू आहे. धोबीतलावला गोव्याच्या खलाशांचे गावागावांचे कूड, म्हणजे राहायच्या सामाईक खोल्या, होते. ह्या शहरात एकटा आलेला माणूस आधी आपल्या गावची खोली शोधायचा आणि मग आपल्या गावच्या चवीचं ताट, आणि आपण आज ज्याला इथली वेगवेगळी हॉटेलं म्हणतो ती बरीचशी त्या ताटातून आलीत.

रविवारी दुपारी जायचं असेल तर उघडायच्या वेळेलाच जा, नंतर जिन्यावर रांग लागते आणि तिथे बाबांना उभं करणं बरोबर नाही. भात हळू वाढायला सांग कारण ते लोक पटापट वाढत जातात आणि नको म्हणायला उशीर झाला की पान भरतं, साखर असलेल्या माणसाला त्रास. पापड कवळीला नको, पण रसम वाटीतून पिऊ दे, दोनदा मागितलं तरी हसून देतात.

जिना नकोच वाटला तर किंग्ज सर्कलचं कॅफे मद्रास, १९४० पासूनचं, तळमजल्याला. नाचणीचा डोसा घे बाबांसाठी, साखरेला पण बरा. तेही सोमवारी बंद. स्टेशनाच्या बाजूला रामाश्रय आहे, १९३९ चं, तिथे बाहेर बोर्डवर आज कुठला शिरा आहे ते लिहिलेलं असतं, अननसाचा असला तर आईला दे. कॉफी वाटी-पेल्यातून येते, ती वरून ओतून फेसाळायची असते, बाबांना सांग पेल्यातून वाटीत दोनदा ओता मग प्या.

---

सदा_पार्लेकर

कावेरीताईंचं सगळं पटलं फक्त एक, रविवारी कॅफे मद्रास ह्यांना सांगू नका. मी माझ्या सासऱ्यांना (७८) रविवारी नऊ वाजता घेऊन गेलो होतो, नाव लिहून फूटपाथवर सव्वा तास, बसायला काही नाही, शेवटी समोरच्या दुकानदाराने स्टूल दिलं. हॉटेलचा दोष नाही, गर्दीच तेवढी. गेलात तर सकाळी सातला, नाहीतर नकोच.

आणि माझं म्हणणं असं की शनिवारी पंचवटी दहाच्या सुमारास दादरला येते तर पहिला नाश्ता तिथेच करा ना, सामान घेऊन परळला जाऊन परत कुठे येताय. स्टेशनाबाहेर पश्चिमेलाच मामा काणे आहे, १९१० पासूनचं, बटाटेवडा आणि साधं मराठी खाणं, बाबा ओळखतील सुद्धा. थोडं चालवत असेल तर शिवाजी पार्ककडे प्रकाश, साबुदाणा वडा आणि पियूष. आस्वाद सेनाभवनासमोर, तिथली मिसळ, २०१५ ला लंडनच्या त्या फूडी हबच्या स्पर्धेत जगातला सगळ्यात चविष्ट शाकाहारी पदार्थ म्हणून निवडली होती तीच. मला विचाराल तर मिसळीपेक्षा आस्वादचं थालीपीठ, पण हा वाद आमच्या घरात पण मिटलेला नाही.

आईंना मासळीच्या हॉटेलात बसवत नसेल तर हा उत्तम उपाय आहे, बाबा आणि भाऊ मालवणीत, आई आणि तुम्ही आस्वादला, दोन्ही दादर पश्चिमेलाच, जेवण झालं की शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर भेटा.

मासे खायला जाताना एक अनुभव सांगतो, नाव घेत नाही. एका फार नावाजलेल्या ठिकाणी आम्ही पापलेट मागवलं, कारण पाहुणे होते आणि पापलेटच द्यायचं असतं ना पाहुण्यांना, तर ते शिळं निघालं, मऊ पडलेलं, आणि बिल दोन हजारावर. त्यानंतर मी शिकलो की कार्ड बघायचंच नाही, वाढप्याला विचारायचं तू आज काय जेवलास. तो म्हणाला मांदेली, तर मांदेली घ्यायची. आजपर्यंत फसलो नाही.

---

धोबीतलाव_३६

इराण्याबद्दल मी सांगतो, माझं आयुष्य त्या टेबलांवर गेलंय, कॉलेज पण आणि नंतर नोकरी पण तिथेच.

लालबाग-परळच्या नाक्यानाक्यांवर इराणी होते, जवळजवळ सगळे गेले. एक म्हणतात की नाक्यावरचं दुकान हिंदू व्यापारी अशुभ मानायचे म्हणून ते इराण्यांना मिळालं, आणि नाक्यावर असल्याने दोन्ही रस्त्यांची माणसं आत, उजेड आत, वारा आत. गिरणी कामगाराला तिथे कोणी जात विचारत नव्हतं आणि एक कप चहावर दोन तास बसलं तरी कोणी उठवत नव्हतं, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती ताई.

तुम्ही बाबांना कयानीला घेऊन या. धोबीतलाव, मेट्रो सिनेमासमोर, १९०४ चं. संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, लाल-पांढरे चौकड्याचे टेबलक्लॉथ, काचेच्या बरण्यांत बिस्किटं. बाबांची तिसरी पाळी सातला सुटायची ना, मग त्याच वेळेला या, सकाळी लवकर, तेव्हा गर्दी नसते आणि पाव ताजा असतो. ब्रून मागवू नका, तो कडक असतो, कवळीला जमणार नाही, बन मस्का सांगा. तो बन मधोमध कापून मस्का लावून परत जोडलेला येतो, त्याचे तुकडे करून चहात बुडवायचे, आणि चहावर मस्क्याचे पिवळे थेंब तरंगायला लागले की समजा बरोबर चाललंय. खिमा पाव पण मऊ आहे, चालेल त्यांना. आईंना मावा केक देऊ नका, अंडं असतं त्यात, आधीच सांगून ठेवतो नाहीतर नंतर वाईट वाटतं माणसाला.

मावा केकसाठी पूर्वी बी. मेरवानला जायचो, ग्रँट रोड स्टेशनाबाहेर, १९१४ चं, तिथे सकाळीच संपायचे. ब्रिटानिया बॅलार्ड इस्टेटला, १९२३, बेरी पुलाव, फक्त दुपारी, आणि ते महाग आहे, तुम्ही म्हणताय तसं साधं नाही, म्हणून ह्या खेपेला सोडा.

सोमवारी माटुंगा बंद आहे म्हणताय तर सोमवार सकाळ इकडे काढा. कयानी, मग चालत ठाकुरद्वारच्या दिशेला फणसवाडीच्या कोपऱ्यावर विनय हेल्थ होम, १९४० पासूनचं, तिथे आईंसाठी मिसळ किंवा साधं काहीतरी. गिरगावात पणशीकरांकडे खरवस मिळाला तर बघा. चालणं जमत नसेल तर टॅक्सी करा, जवळ आहे म्हणून टॅक्सीवाले कुरकुरतात पण येतात.

---

रुबीना_दापोली

माझं माहेर दापोलीचं, सासर भेंडीबाजारला, तर आमच्या बाजूचं पण एक सांगते कारण कवळीचं वाचलं.

नळी निहारी. मांस रात्रभर मंद आचेवर शिजतं, सकाळी हाडाला हात लावला की सुटून येतं, चावायला काही लागतच नाही, माझ्या सासऱ्यांचे शेवटची पाच वर्षं दात नव्हते आणि ते हेच खायचे. नूर मोहम्मदी, भेंडीबाजारच्या नाक्यावर, १९२३ चं हॉटेल आहे, चित्रकार हुसेनसाहेबांनी काढलेलं चित्र भिंतीवर आहे तेच. निहारी हे मुळात कामावर जायच्या आधीचं सकाळचं खाणं आहे, हमाल, गोदीवाले सगळे भल्या सकाळी खाऊन निघायचे की मग संध्याकाळपर्यंत भूक नाही. बोहरी मोहल्ल्यात बारा हांडी पण तसंच, बारा हंड्या एका रांगेत पुरलेल्या आणि प्रत्येकीत वेगळा भाग, पाया, नळी, भेजा, आणि तुम्ही सांगाल तसं दोन-तीन हंड्यांचं एकत्र करून देतात. बीफ असतं तिथे, तुमच्या बाबांना चालत नसेल तर आधी विचारून घ्या, ह्यात कोणाला वाईट वाटत नाही.

आणि ताज आइस्क्रीम, १८८७ पासूनचं, अजून हाताने फिरवायच्या संच्यात करतात, लाकडाच्या पिंपात बर्फ-मीठ आणि मधे तांब्याचा डबा. थंडीत सीताफळाचं असतं. साखर आहे म्हणून दोन चमचे द्या, पण द्या. आई पण खाऊ शकतील, दूध आणि फळ आहे फक्त. सध्या त्या भागात जुन्या इमारती पाडून टॉवर चाललेत, रस्ते खणलेले असतात, बाबांचा हात धरून चला.

---

मीनल_नाशिक

बापरे, एवढं सगळं! सगळं वहीत लिहून घेतलं. कावेरीताई, बाबांना रामा नायक हे नाव वाचून दाखवलं तर ते दोन मिनिटं काही बोललेच नाहीत आणि मग म्हणाले, "जिना लोखंडी नव्हता, दगडी होता." जिन्याचं काय करायचं? नको म्हटलं तर ऐकणार नाहीत.

परळच्या दादांना, तुमच्या आजीचं वाचून दाखवलं, पगाराआधी उधारीचं. बाबा म्हणाले संप लागल्यावर आमच्या मावशींचे तीन महिन्यांचे पैसे द्यायचे राहिले होते, मी सातपूरहून ८४ ला नेऊन दिले, तेव्हा त्या खोलीत नव्हत्या, सुनेकडे दिले. हे आम्हाला घरात आजपर्यंत माहीत नव्हतं.

---

कावेरी_माटुंगा

जिना चढू दे गं. एकेक पायरी, नवा गुडघा आधी वर, उतरताना दुखरा आधी खाली, माझ्या आईला फिजिओने असंच शिकवलं होतं. मी रविवारी तिथेच असते, आधी कळवलंस तर खाली येऊन उभी राहीन. वर गेल्यावर सांग की मागच्या वेळी ८२ च्या आधी आलो होतो.

---

परळ_व्हिलेज

ताई, मंगळवारी दुपारी मालवणीत जा. मंगळवार बरेच जण पाळतात म्हणून गर्दी कमी असते, बाबांना निवांत बसता येईल. बाबा पाळत नसतील तर.

आणि पैसे नेऊन दिले त्यांनी, हे मी घरी सगळ्यांना वाचून दाखवलं.

---

मीनल_नाशिक

काल रात्री परतलो. उशीर झाला तरी आजच लिहितेय कारण उद्यापासून ऑफिस आणि मग राहून जाईल.

शनिवारी मामा काणेला वडा खाल्ला, बाबांनी बाहेरचं कवच बाजूला काढून आतला बटाटा खाल्ला आणि कवच आईने. रविवारी रामा नायक. जिना चढायला आठ मिनिटं लागली, कावेरीताई खरंच खाली उभ्या होत्या, ओळख ना पाळख, बाबांचा दुसरा हात त्यांनी धरला. वर वाढणाऱ्या दादांना बाबांनी स्वतःच सांगितलं की चाळीसेक वर्षांनी आलोय, तर त्यांनी रसमची वाटी चार वेळा भरली. आईने पानावर पहिल्यांदा जेवताना सांबार पानाबाहेर जाऊ नये म्हणून भाताचा बांध घातला, शेजारच्या आजींनी दाखवला कसा घालायचा तो.

सोमवारी सकाळी कयानी. बाबांनी चहात बन बुडवला आणि कप माझ्याकडे सरकवला, "हे बघ," मस्क्याचे थेंब दाखवायला. मी धोबीतलाव दादांचं लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं नव्हतं. ताजला सीताफळ आइस्क्रीम झालं, दोन चमचे ठरलं होतं, सहा झाले. निहारी ह्या वेळी राहिली, रुबीनाताई, पुढच्या खेपेला.

लालबागला पण गेलो. गिरणीच्या जागी काय आहे ते तुम्हाला माहीतच आहे. गेटाची एक कमान उरलीय म्हणे पण ती आम्हाला सापडली नाही. चाळ पण नाही. बाबा रस्त्याच्या पलीकडे उभे राहून नुसते बघत होते, मग म्हणाले चला, कोथिंबीर वडी कुठे मिळते ती.

तिखलं रविवारी संध्याकाळी विचारलं तर नव्हतं. मंगळवारी सकाळी अकराला फोन केला, तीन प्रश्न विचारले, फोनवरचे गृहस्थ म्हणाले बांगडा आहे, तिखलं करून ठेवतो, किती वाजता येताय. मी आणि आई आस्वादला जायचं ठरलं होतं पण आई ऐनवेळी म्हणाली मी पण येते, बसते बाजूला. नाकाला पदर लावेल असं वाटलं होतं, नाही लावला. भात आणि सोलकढी घेतली तिने.

ताट आलं तेव्हा बाबांनी आधी वास घेतला. मग काटे स्वतःच काढले, मला काढू दिले नाहीत. बराच वेळ जेवत होते, कोणी काही बोललं नाही.

---

परळ_व्हिलेज

तिरफळं होती का?

---

मीनल_नाशिक

होती. कडेला काढून ठेवलेली आईने मोजली. सात.